रोपण की पेरणी?

आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी काचेतील धातूच्या नॅनोकणांवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहिले आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिले. ‘आयन-रोपणाने काचेत कण तयार होतात’ हे वाक्य मला सपक वाटले. मी ‘तयार होतात’ खोडून ‘बसवले जातात’ केले. रोप लावावे तसा कण लावला, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर विज्ञानच बदललंत!”

त्यांनी मग समजावले ते असे. चांदीच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढला की त्याचा आयन होतो. निर्वात पोकळीत विद्युतदाबाने त्याला वेग देऊन काचेवर सोडतात. ६० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा असा आयन काचेत १०० नॅनोमीटरच्या आतच थांबतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ऊर्जा वाढवली की खोली वाढते. पाभरीने बी किती खोल पडावे ते ठरवतो, तसेच हे.

म्हणजे आत जातात ते सुटे अणू. काचेत धातू विरघळण्याला मर्यादा असते. इथे तो त्या मर्यादेपलीकडे बळेच कोंबलेला असतो. मग घट्ट पाकात साखर दाणा धरते, तसे हे अणू एकत्र येऊन दाणा धरतात. काच तापवली की त्यांची हालचाल वाढते, लहान दाणे विरतात आणि मोठे त्यांच्यावर पोसतात. अगदी मत्स्यन्याय! आयनांची मात्रा भरपूर असेल तर तापवण्याआधीच कण तयार झालेले आढळतात.

चांदीच्या अशा कणांनी काच पिवळी दिसते, सोन्याच्या कणांनी तांबडी. ‘रुपेरी’ आणि ‘सोनेरी’ ही आपली विशेषणे तिथे कामाची नाहीत. कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर एकदम हेलकावतात. सोन्याचे कण त्यात हिरवा प्रकाश शोषतात आणि तांबडा पलीकडे येतो. ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक बाहेरून उजेड पडला की हिरवा आणि आतून दिवा लावला की लाल दिसतो, तो सोने-चांदीच्या अशाच कणांमुळे. तिथे मात्र धातू काचेच्या रसातच मिसळलेला होता. आयन सोडण्याचा फायदा असा की कण पृष्ठभागालगतच्या पातळ थरात, हव्या त्या जागी मिळतात.

‘रोपण’ऐवजी ‘पेरणी’ म्हणा, असे मी सुचवून पाहिले. “पेरलेले बी शेजारच्या बियांकडे चालत जाते का?” त्यांनी विचारले. टिपणात ‘रोपण’ राहिले, आणि ‘तयार होतात’ही.