धरणे आणि जखडणे

रोलर कोस्टरवरून उतरलेल्या माणसाला 'कसे काय वाटले?' असे विचारले, तर तो उंची सांगतो, वेग सांगतो, पोटात उठलेला गोळा सांगतो. आपल्याला आसनात कसे धरून ठेवले होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आणि तरीही उतरल्यावर कोणी हसत पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो, तर कोणी कान चोळत बाकावर बसतो. या फरकाचे श्रेय किंवा दोष आपण सरसकट रुळांना देतो. निम्मा वाटा आसनावरील बंधनाचा असतो, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

विषय आपल्याला परका नाही. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईला १९८९ साली 'एस्सेल वर्ल्ड' सुरू झाले आणि २०२२ साली बंद पडले. मधल्या काळात अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या सहली होडीने पलीकडे गेल्या, आणि उपनगरातल्या अनेकांनी रोलर कोस्टर प्रथम पाहिला तो तिथेच. २०१३ पासून खोपोलीजवळच्या 'इमॅजिका'तला 'नायट्रो' आहे. त्याची उंची सुमारे १३२ फूट असून तो प्रवाशांना पाच वेळा उलटे करतो.

उलटे होण्याची भीती सर्वांत मोठी, म्हणून आधी तिच्याकडे वळू. पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरवली तर डोक्यावर आल्यावरही पाणी सांडत नाही, हे आपण लहानपणी करून पाहिलेले असते. उभ्या फेऱ्यातल्या प्रवाशाचे तेच होते. वेग पुरेसा असला की माथ्यावर तो आसनातून खाली पडू पाहत नाही, उलट आसनावरच दाबला जातो. खरी अडचण तळाशी असते. फेरा अगदी गोल वर्तुळासारखा केला, आणि माथ्यावर प्रवासी जेमतेम आसनाला टेकून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या सहापट भार येतो, असे साधे गणित सांगते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ च्या सुमारास असा गोल फेरा बांधला होता; माना दुखावणारा म्हणूनच तो लक्षात राहिला. पुढे वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने फेऱ्याला अश्रूच्या थेंबाचा आकार दिला. तळाशी वळण मोठे, माथ्यावर लहान. त्यामुळे तळाचा भार सोसण्याजोगा झाला.

मग बंधन लागते कशासाठी? एक, टेकाडाच्या माथ्यावरून गाडी झपकन खाली वळते तेव्हा. शरीर सरळ जाऊ पाहते आणि आसन खाली निघून जाते. तिथे मांडीवर काहीतरी हवेच. दोन, वळणावर शरीर बाजूला फेकले जाते तेव्हा. आणि तीन, गाडी भलत्याच ठिकाणी अडकली तर. या तिन्ही वेळी धरायचे असते ते शरीराचे जड मध्य, म्हणजे कंबर आणि मांड्या. कंबर पक्की धरली की बाकीचे शरीर कुठे जात नाही.

बंधनाचे ढोबळ प्रकार दोन. एक मांडीवर येणारी आडवी दांडी, आणि दुसरे डोक्यावरून खाली येऊन खांद्यांवर बसणारे जोखड. जोखड पाहून मनाला धीर येतो, हे खरे. परंतु ते कठीण असले, तर त्याच्या दोन बाजू नेमक्या कानांशेजारी येतात. लोकलमध्ये खिडकीच्या गजाला डोके टेकून झोपलेला प्रवासी आठवा. गाडी सांधे बदलू लागली की त्याच्या कपाळावर टकटक सुरू होते. शेजारी कडीला धरून उभा असलेला माणूस त्याच हादऱ्यावर नुसता डुलतो, कारण त्याची मान मोकळी असते आणि गुडघे हादरा गिळतात. हादरा दोघांना सारखाच, पण एकाला तो ठोसा होऊन लागतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून मळतात. खांदेमळणीच्या या प्रथेत प्रेम तर आहेच, पण ओझे जिथे टेकते तिथेच शरीर दुखते ही जाणही आहे.

याचा उत्तम दाखला कॅलिफोर्नियात मिळतो. तिथल्या 'मॅजिक माउंटन' या उद्यानात १९७६ साली 'रिव्होल्यूशन' सुरू झाला. श्टेंगेलने आखलेला, आधुनिक काळातला उभ्या फेऱ्याचा हा पहिला रोलर कोस्टर. सुरुवातीला त्यावर फक्त मांडीवरची दांडी होती, आणि तेवढ्यावर लोक उलटे होऊन सुखरूप परत येत. पुढे त्यावर खांद्यांवरची जोखडे बसवण्यात आली आणि तोच रूळ डोके आपटणारा म्हणून बदनाम झाला. २०१६ साली नव्या गाड्या आल्या, जोखडे गेली, मांडीवरची दांडी परत आली, आणि मानेचे दुखणेही गेले.

जोखड सर्वस्वी वाईट, असा मात्र निष्कर्ष काढू नये. 'नायट्रो'वर जोखडच आहे. तो बोलिजर आणि माबिलार या स्वित्झर्लंडमधील कंपनीचा. अशा नव्या रुळांची आखणी प्रवाशाच्या छातीचा मार्ग धरून केली जाते. होडीचा तळ जरासा हलला तरी डोलकाठीचे टोक केवढे झुलते! तसेच, गाडी रुळाभोवती वळली तर डोके मोठ्या कमानीत फेकले जाते. छातीभोवती वळली तर डोके जवळजवळ जागीच फिरते. रूळ असा गुळगुळीत असेल तर जोखडाला आपटण्याचे कारणच उरत नाही. जिथे रूळ जुना किंवा ओबडधोबड आहे, तिथे मात्र जोखड त्याचा प्रत्येक दोष थेट कानापर्यंत पोचवते. अलीकडे काही ठिकाणी त्याच्या जागी मऊ जाकिटासारखे बंधन आले आहे, ते याचसाठी.

आणखी एक बारीक गोष्ट कुलपाची. जुन्या दांड्या खटखट करीत एकेका दात्यावर बसतात. आपले पोट दोन दात्यांच्या मध्ये आले, तर दांडी एक तर सैल राहते किंवा रुतते. तेलाच्या दाबावर चालणारी दांडी हव्या तिथे थांबते. सडपातळ आणि स्थूल अशा दोघांनाही ती नीट धरते.

सुख आणि सुरक्षितता यांत आपण नेहमी वैर मानतो. जितके घट्ट तितके सुरक्षित, असा आपला समज. अनुभव वेगळे सांगतो. जे बंधन टोचते, त्याच्याशी माणूस लबाडी करतो. श्वास रोखून पोट फुगवतो, दांडी एक दाता सैल ठेवतो, खांदे तिरके करून बसतो, आणि नेमक्या टेकाडाच्या माथ्यावर त्याचे मोल देतो. सोईचे बंधन माणूस आपण होऊन नीट लावून घेतो. म्हणून पुढच्या सहलीत आसनावर बसाल तेव्हा कंबर मागे टेकवा, दांडी मांडीवर नीट बसू द्या आणि डोके मागच्या उशीला टेकलेले ठेवा. दांडी तपासायला येणाऱ्या माणसाला घाई करू नका. दांडी ओढून पाहण्याचे त्याचे ते दोन क्षण पुढच्या साऱ्या गमतीइतकेच मोलाचे असतात.