गेज विचारता, मग जस्त का विचारत नाही?

लोखंडी चौकटींचे काम करणारे आपले कारागीर बंधू पत्रा घेताना पहिला प्रश्न गेजचा करतात. सोळा की अठरा? मग भाव. पत्र्यावर जस्त किती चढले आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. पुढे न्हाणीघराची चौकट खालून सडू लागली की गिऱ्हाईक पत्र्याला नव्हे, कारागिरालाच बोल लावते.

हा पत्रा बनतो कसा? कारखान्यात पातळ पत्र्याच्या कॉइल एकमेकींना जोडून अखंड पट्टी चालवतात. आपल्याकडे वासिंद, खोपोली, कळमेश्वर येथे असे कारखाने आहेत. तेल-मळ धुतला की पट्टी भट्टीत जाते. तेथील हायड्रोजन व नायट्रोजन वायूंमुळे पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि उष्णतेने पत्रा नरम पडतो. तेथून बाहेरची हवा न लागता ती थेट वितळलेल्या जस्ताच्या हौदात उतरते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, हौद साधारण ४६० अंश सेल्सिअसवर ठेवतात. त्यात किंचित ॲल्युमिनियम असते. ते नसेल तर ठिसूळ थर जाड होतो आणि चौकटीची घडी मारताना मुलामा सुटतो.

खरी मेख पुढे आहे. हौदातून वर येणाऱ्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी हवेचा झोत सोडून जास्तीचे जस्त पुसून काढतात. झोत वाढवला की जस्त कमी, माल स्वस्त. डोळ्यांना फरक कळत नाही, दोन्ही पत्रे सारखेच चमकतात.

म्हणून आकडा विचारावा. आयएस २७७ या भारतीय मानकात १२०, १८०, २७५ असे दर्जे आहेत. चौरस मीटरला इतके ग्रॅम जस्त, आणि तेही दोन्ही बाजूंचे मिळून! म्हणजे २७५ च्या पत्र्यावरही एका बाजूला थर जेमतेम २० मायक्रॉनचा. १२० मध्ये तो निम्म्याहून कमी. हा आकडा कॉइलच्या चिठ्ठीवर असतो, पण कापून घेतलेल्या पत्र्याबरोबर चिठ्ठी येत नाही. तो बिलावर लिहून मागावा.

कापलेल्या कडेची फार चिंता नको. शेजारचे जस्त स्वतः झिजून तेथील लोखंड काही काळ वाचवते. वेल्डिंगची गोष्ट वेगळी. जस्त ९०७ अंशांनाच उकळते, त्यामुळे कोपऱ्यावरचा मुलामा जळून जातो. तो सांधा तारेच्या ब्रशने घासून त्यावर जस्तयुक्त रंग द्यावा, नुसता चंदेरी रंग नव्हे.

वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. दूध पिऊन तो टळत नाही, मोकळ्या हवेत काम केले तर टळतो.

आणि पावसाळ्यात ओले पत्रे एकावर एक रचू नयेत. मध्ये पाणी अडकले की पांढरी भुकटी धरते. ते जस्तच खाल्ले जात असते.