टापांखालची जमीन

खेळांची मैदानं : लेखांक 6

पर्यावरणपूरक मैदान म्हटलं की छपरावर सौरपट्ट्या लावलेल्या इमारतीचं चित्र काढायची पद्धत आहे. घोडेस्वारीच्या बाबतीत ते चित्र अगदीच बिनकामाचं. इथे एकेका खेळाडूसोबत 500 किलोचा जिवंत भागीदार असतो आणि तो उडी मारून उतरतो तेव्हा सगळा भार पुढच्या टापांवरून जमिनीत जातो. त्यामुळे खरा आराखडा जमिनीचाच असतो.

याचं सर्वांत शिकण्याजोगं उदाहरण म्हणजे लंडनचं ग्रीनिच पार्क. 1433 साली कुंपण पडलेलं हे राजउद्यान 1997 पासून जागतिक वारसा परिसराचा भाग आहे. 2012 च्या ऑलिम्पिकची घोडेस्वारी तिथे होणार म्हटल्यावर रहिवाशांनी जोरदार विरोध केला. जुनी झाडं, दुर्मीळ गवताळ पट्टे, जमिनीखालचे पुरातन अवशेष यांचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शिवाय घोड्यांपेक्षा जड असतो तो त्यांच्यामागचा पसारा: ट्रक, क्रेन, 23 हजार प्रेक्षकांच्या आसनांचा सांगाडा. ओली माती एकदा दाबली गेली की हवा-पाण्याला वाव राहत नाही, मुळं गुदमरतात. झाड मरतं ते काही वर्षांनी, आणि तोवर आयोजक घरी गेलेले असतात.

आराखडा करणाऱ्यांनी उतार सपाट केलाच नाही. कमी-जास्त उंचीच्या खांबांवर एक प्रचंड मंच उभारला आणि वाळू व तंतूंचं मिश्रण त्या मंचावर पसरलं. घोडे धावले ते जमिनीपासून वर. पोकळ तळावर घोडा बिचकू नये म्हणून 2011 मध्येच चाचणी स्पर्धा झाली. ऑलिम्पिक संपल्यावर सगळं उचललं गेलं आणि गवत पुन्हा रुजवलं गेलं. एवढा खर्च करून मागे काहीच उरलं नाही, अशी टीका झाली. मला ती पटत नाही. एरवी या खेळाला 23 हजार प्रेक्षक रोज कुठून येणार? पॅरिसनेही 2024 मध्ये व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत तात्पुरतंच मैदान उभारलं. तिथे घोड्यांनी मोठा कालवा ओलांडला तो तरंगत्या पुलांवरून.

बारमाही चालणाऱ्या घोडेस्वारी शाळेला मात्र असं उठून जाता येत नाही. तिचा हिशेब वाळूपासून सुरू होतो. 60 बाय 20 मीटरच्या मैदानावर 10 सेंटिमीटर थर द्यायचा तर 120 घनमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मापात सुमारे 42 ब्रास वाळू लागते. नदीची गोल कणांची वाळू टापांखाली घरंगळते, म्हणून नदी उपसून पुन्हा घोड्याचे पायही बिघडवायचे, असा दुहेरी तोटा. थोडे कंगोरे असलेले, धुतलेले कण हवेत. पकड यावी म्हणून त्यात कृत्रिम धागे मिसळतात. ते झिजून बारीक प्लास्टिक मातीत आणि ओढ्यात जातं, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

मग पाणी. वाळू कोरडी पडली की धूळ उडते आणि ती घोड्याच्या फुप्फुसांना बाधते. याच मैदानावर 5 मिलिमीटर पाणी शिंपडायचं म्हणजे एका वेळी 6 हजार लिटर, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये ते रोज. उपाय उलट्या बाजूने आहे. तळाशी पाणी न झिरपणारा पडदा, त्यावर सच्छिद्र नळ्या, आणि वाळूला खालून ओलावा. पावसाचं जादा पाणी त्याच नळ्यांतून टाकीत परत येतं. सुरुवातीचा खर्च मोठा आहे, पण टँकरवर चालणाऱ्या गावात हा खर्च टाळून तबेला काढूच नये.

राहिली लीद. एक घोडा लीद आणि मूत्र मिळून दिवसाला वीसेक किलो टाकतो. ऑलिम्पिकला येतात तसे 200 घोडे धरले तर रोजचे चार टन, आणि त्यात खालच्या पेंढ्याची भर. पावसात हे धुपलं की नत्र आणि स्फुरद थेट ओढ्यात जातात व पाण्यावर शेवाळ माजतं. म्हणून लिदीचा ओटा छपराखाली, पक्क्या तळाचा आणि विहिरीपासून दूर हवा. ढिगात 55 अंशांच्या वर उष्णता टिकली आणि ढीग वरखाली करत राहिलं, तर तणाचं बी आणि जंतांची अंडी मरतात. चांगलं खत होतं. बिछान्याला लाकडी भुसा वापरला तर तो कुजायला फार वेळ घेतो. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा बरा.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते आणि संपल्यावर उठते. म्हणजे तात्पुरत्या मैदानाची रीत आपल्याला नवी नाही. अशा यात्रांच्या आणि नव्या घोडेस्वारी शाळांच्या आयोजकांना एकच विनंती: प्रवेशद्वाराची कमान रंगवण्याआधी लिदीचा ओटा कुठे बांधणार ते नकाशावर दाखवा, आणि परवानगी देणाऱ्यांनीही तो पाहिल्याशिवाय सही करू नये.