योग : साधना एक, दर्शने अनेक

- व्युत्पत्ती : ‘युज्’ या संस्कृत धातूचे ‘जोडणे’ आणि ‘समाधी’ असे दोन अर्थ असून, पातंजल परंपरेत दुसरा अर्थ ग्राह्य धरला जातो.
- पातंजल योग : पाद ४, अंगे ८. सांख्यांची २५ तत्त्वे मान्य, ईश्वराची भर.
- न्याय : तर्कप्रधान न्यायसूत्रांतही तत्त्वज्ञानप्राप्तीसाठी योगाभ्यास विहित.
- शांकर वेदान्त : योगातील द्वैत अमान्य, ध्यानादी साधने ग्राह्य.
- जैन : तत्त्वार्थसूत्रात काया-वाचा-मनाच्या ज्या क्रियेमुळे कर्माचा आस्रव होतो, तिलाच ‘योग’ ही संज्ञा आहे; १२व्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त मात्र सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य या रत्नत्रयीस योग म्हटले आहे.
- समान पाया : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह – पतंजलींचे पाच यम, तीच जैनांची पाच महाव्रते.
- मराठी परंपरा : ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) सहाव्या अध्यायात कुंडलिनीजागृतीचे सविस्तर वर्णन.
- अर्वाचीन संस्था : योगेंद्रजींची ‘द योग इन्स्टिट्यूट’ (१९१८, सध्या सांताक्रूझ, मुंबई), स्वामी कुवलयानंदांचे ‘कैवल्यधाम’, लोणावळा (१९२४).
- आंतरराष्ट्रीय योग दिन : २१ जून, संयुक्त राष्ट्रांचा ठराव ११ डिसेंबर २०१४.