धिंगरीचं उष्टं काड

नगरकडच्या कर्जत-जामखेडच्या रब्बी पट्ट्यात ज्वारी पेरतात ती निम्मी भाकरीसाठी, निम्मी कडब्यासाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवतीसारखी वाणं दिली, तीही धान्य आणि कडबा दोन्हींचा हिशेब धरून. गव्हाच्या काडाला हा मान नाही. त्यात प्रथिनं जेमतेम तीन टक्के, आणि तंतूंमधली साखर लिग्निन या चिवट द्रव्याच्या भिंतीत चिणलेली. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू तंतू पचवतात, पण लिग्निन फोडायला ऑक्सिजन लागतो आणि तिथे तो नसतो.

बाहेरच्या हवेत हे काम धिंगरी अळंबी करते. लाकूड पांढरं पाडून कुजवणाऱ्या बुरशांपैकी ती एक. दक्षिण चिलीच्या जंगलात अशा बुरशांनी कुजवलेले ओंडके गुरं आवडीने खातात.

राहुरी विद्यापीठाच्याच पुण्यातल्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचं केंद्र आहे. धिंगरीची रीत घरगुती वाटावी अशी. काडाची कुट्टी रात्रभर भिजवायची, 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची, निथळायची. मूठ आवळली तर तळवा ओला व्हावा, थेंब मात्र गळू नये. मग पिशवीत काडाचा थर, स्पॉनचा, म्हणजे अळंबीच्या बियाण्याचा थर, पुन्हा काड. पंधरा-वीस दिवसांत पांढऱ्या धाग्यांनी सगळं काड बांधलं जाऊन ठोकळा तयार होतो. पिशवी फाडून पाणी फवारत राहिलं की अळंबी फुटते.

आणि तोडणीनंतर उरलेला ठोकळा गव्हाणीत? इथे मला उत्साह आवरावासा वाटतो. नुसत्या लिग्निनवर बुरशीचं भागत नाही. ती सोबतची साखरही खाते आणि काडाचं वजन घटतं. दोन-तीन तोडण्यांनंतर उरतं ते थोडं, त्यात राखेचा वाटा वाढलेला. चाराच हवा असेल तर धागे पसरले की, अळंबी फुटण्याआधीच थांबावं. भरघोस अळंबी आणि उत्तम चारा एकाच पिशवीतून निघत नाहीत. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातले संशोधक म्हणूनच साखर राखून लिग्निन खाणाऱ्या बुरशा निवडत आले.

कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने आधी युरिया, मग कोप्रिनस बुरशी अशी दुपदरी पद्धत बसवली होती. शेतकऱ्याला मात्र नुसती युरिया प्रक्रियाच सोपी : 100 किलो काडाला 4 किलो युरिया, पन्नासेक लिटर पाणी, आणि तीन आठवडे हवाबंद. त्यात वजनही फारसं जात नाही. दुष्काळात चारा छावणीला जनावरं न्यावी लागतात त्या साली नगरकर पेंढी-पेंढी मोजतो. तेव्हा चांगला कडबा बुरशीला घालणं मला तरी पटत नाही. धिंगरीला द्यावं ते बांधावर पेटवलं जाणारं काड, आणि पदरात पडेल तो चारा जादा धरावा.

एक पथ्य मात्र कडक. पुष्कळ अळंबीवाले गरम पाण्याऐवजी फॉर्मॅलिन आणि कार्बेन्डाझिममध्ये काड बुडवतात. तसलं काड जनावराला घालू नये. हिरवी-काळी बुरशी चढलेला ठोकळाही नको. तिचं विष दुधात उतरू शकतं. तो सरळ उकिरड्यावर टाकावा.