विवाहशून्यता म्हणजे घटस्फोट नव्हे

‘चर्चने घटस्फोट दिला’ असे सर्रास म्हटले जाते. कॅथलिक चर्च घटस्फोट देतच नाही. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा वैध आणि पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूखेरीज सुटत नाही, ही त्याची शिकवण. चर्चचे न्यायपीठ देते ती विवाहशून्यता (विवाह मुळातच वैध नव्हता, असा निर्णय). अज्ञान मुलाकडून सही घेऊन केलेले खरेदीखत घ्या. पैसे दिले, ताबाही मिळाला. तरी कायद्याच्या लेखी विक्री झालेलीच नसते. म्हणून न्यायपीठ नंतरची भांडणे मोजत बसत नाही. लग्नाच्या दिवशी संमती मोकळी होती का, काही गंभीर बाब दडवली होती का, हे ते पाहते. मुले मात्र औरसच राहतात.

भारतात एखाद्या जोडप्याला असा निर्णय मिळाला, तरी कायद्याने ते नवरा-बायकोच. कर्नाटकातील क्लॅरेन्स पाइस यांनी या निर्णयांना कायदेशीर मान्यता मागितली होती; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये याचिका फेटाळली. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच. उलट, तो हुकूमनामा हाती असला तरी तेवढ्यावर कॅथलिक चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही. अनेक प्रोटेस्टंट चर्चेस मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील व्यभिचाराचा अपवाद धरून पुनर्विवाहास वाव देतात.

घटस्फोट झाला की कम्युनियन (मिस्सेतील पवित्र भाकर) बंद, हा समज मला सर्वांत क्लेशदायक वाटतो. तसा नियम नाही. अडचण येते ती पहिला विवाह चर्चच्या लेखी कायम असताना दुसरा संसार थाटल्यावर.