हरणाऱ्या संघातला गार्ड जोखायचा कसा?

एनबीएच्या २०२३-२४ हंगामात डेट्रॉइट पिस्टन्स सलग २८ सामने हरला. ८२ सामन्यांत विजय फक्त १४. त्यांचा गार्ड केड कनिंगहॅम मात्र सामन्याला सरासरी २२.७ गुण आणि ७.५ असिस्ट करत होता. मग हे आकडे पोकळ म्हणायचे का?

चेंडू सतत एकाच्याच हातात असला की गुण वाढणारच, हा आक्षेप अर्धाच खरा. कारण पास घेणाऱ्याने बास्केट केली तरच असिस्ट मिळते. त्याचा नेम चुकला, तर पास कितीही सुरेख असो, खात्यात शून्य. शिवाय सोबत्यांना दुरून नेम साधत नसेल, तर बचाव करणारे त्यांना सोडून गार्डभोवतीच गर्दी करतात.

२०२४ मध्ये संघाने मलिक बीझलीसारखे थ्री-पॉइंटर मारणारे खेळाडू आणले. पुढच्या हंगामात कनिंगहॅमची फील्ड गोलची टक्केवारी ४४.९ वरून ४६.९ वर गेली, असिस्ट ९.१ झाल्या आणि संघाने ४४ सामने जिंकले. दुसरा गार्ड जेडन आयव्ही दुखापतीमुळे ३० सामनेच खेळला. थ्री-पॉइंटरमध्ये त्याची टक्केवारी ३३.६ वरून ४०.९ वर गेली, असिस्ट मात्र चारच्या आसपासच राहिल्या. म्हणजे मोकळी जागा दोघांनाही मिळाली, पण तिचा फायदा इतरांना करून दिला तो कनिंगहॅमनेच. अर्थात, चेंडू गमावण्याचं त्याचं प्रमाणही वाढलं: सामन्याला ३.४ वरून ४.४.